लोगोचे पैसे दिले. पण लोगो कुणाचा?

मसाल्याच्या पाकिटासाठी लोगो किंवा दुकानासाठी वेबसाइट ऑनलाइन फ्रीलान्सरकडून करून घेताना दरावर घासाघीस पुष्कळ होते, मालकीचा विषय मात्र निघतच नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार, तुमच्या नोकरीत नसलेल्या माणसाने लिहिलेला मजकूर, कोड किंवा काढलेलं डिझाइन यांचा पहिला मालक सहसा तोच असतो. बिल चुकतं केलं म्हणून हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही. (पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंना मात्र उलटा नियम!) हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच हवं. त्यात मुदत नमूद नसेल तर ती ५ वर्षं, आणि प्रदेश नमूद नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. दुबईला माल पाठवणाऱ्याने ही ओळ विसरून चालणार नाही.

आता पैशांचं. अपवर्क या फ्रीलान्सिंगच्या साइटवर ठरावीक रकमेचं काम दिलं, की पैसे आधी मध्यस्थ खात्यात जमा होतात आणि टप्पा मंजूर झाल्यावर सुटतात. सोय चांगली, पण काम सादर झाल्यावर १४ दिवस तुम्ही गप्प बसलात, तर ते आपोआप सुटतात. थेट व्यवहारात फ्रीलान्सरची ‘उद्यम’ (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी असेल, तर पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५.

आणि वेबसाइटचं डोमेन कुणालाही घ्यायला सांगा, नोंदणी मात्र स्वतःच्याच नावावर आणि ईमेलवर करून घ्या.