गिअरचा दांडा पायाला जुळवून घ्या

उचगावाजवळून पुणे-बेंगळूर हमरस्ता जातो. आपले गडी फटफटीवर बसून या रस्त्याने पुण्याला जातात, बेळगावला जातात. जोतिबाचा डोंगर तर जवळच.

आम्ही तिघे असेच एकदा जोतिबाला निघालो होतो. चढणीला पुढचा सोबती एकदम थांबला. इंजिन नुसते ओरडत होते, गाडी पुढे जाईना. तो ओरडला, “आवं, गिअर टाकलाय, पर पडंना झालाय! गाडी मागं सरकतीया!” मागून एस.टी. येत होती. आम्ही धावत जाऊन गाडी धरली, म्हणून निभावले.

गाडी बिघडली होती काय? नाही. त्याने नवे बूट घेतले होते. आधी पायात कोल्हापुरी चप्पल असे. बुटाचे टोक जाड, ते गिअरच्या दांड्याखाली पुरते जाईना. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्यांत पहिला गिअर खाली दाबून पडतो. पुढचे वर उचलून पडतात. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल असतो. दांडा अर्धाच उचलला, की गाडी न्यूट्रलमध्ये. मग चढणीला काय होणार?

दांडा पायाला जुळतो का, हे आधी पाहावे. इंजिन बंद करा. रोजचे पायताण घालून गाडीवर बसा. दोन्ही पाय पायदानावर ठेवा. पायाचे बोट दांड्याखाली सहज गेले पाहिजे. त्यासाठी गुडघा उचलावा लागला, तर दांडा फार खाली आहे. दाबताना टाच पायदानावरून सुटली, तर दांडा फार वर आहे.

आता दांडा बसतो कसा, ते बघा. इंजिनातून एक शाफ्ट बाहेर येतो. त्यावर बारीक दाते असतात. दांडा त्या दात्यांवर बसतो आणि एका बोल्टने आवळतो. बऱ्याच गाड्यांना दहाचा पाना लागतो. आधी दांडा आणि शाफ्ट यांवर खडूने एक रेघ ओढा. म्हणजे चुकले तर परत जागेवर येता येते. मग बोल्ट पुरता बाहेर काढा. नुसता ढिला करून दांडा ओढू नका. पुष्कळ गाड्यांत तो बोल्ट शाफ्टच्या खाचेत अडकलेला असतो. ओढाताण केली तर दाते झिजतात, आणि झिजलेले दाते पुढे कधीच घट्ट धरत नाहीत. दांडा काढून एकच दाता फिरवा, आणि परत बसून पाहा.

टाच आणि बोट अशी दोन टोके असलेला दांडा असेल, तर ध्यानात ठेवा : पुढचे टोक वर गेले, की मागचे खाली येते. ते पायदानाला टेकता कामा नये.

काही गाड्यांत दांडा आणि शाफ्ट यांच्यामध्ये एक सळई असते. हे काम सोपे. सळईच्या दोन्ही टोकांचे चेकनट ढिले करा. सळई हाताने फिरवली, की दांडा थोडा थोडा वर-खाली होतो. एका टोकाचे आटे उलटे असतात, म्हणून तो चेकनट उलट्या बाजूला फिरतो. सळई फार बाहेर काढू नका. आट्यांची पकड कमी झाली, तर ती वाटेतच सुटेल.

जुन्या बुलेटवाल्यांनी हे सारे उजव्या बाजूला करावे. त्या गाडीचा गिअर तिकडे आणि ब्रेक डावीकडे असे.

बोल्ट आवळल्यावर गाडी डबल स्टँडवर घ्या. इंजिन बंदच असू द्या. मागचे चाक टायरला धरून हळू फिरवा. तारांत बोटे घालू नका. एकेक गिअर टाकून पाहा. सगळे पडले, तर मोकळ्या माळावर एक फेरी मारा. मगच हमरस्त्याला लागा.

आमच्या सोबत्याचा दांडा एक दाता वर घेतला, तेवढ्याने काम झाले. शंभरेक किलोमीटर गाडी चालली, की तो बोल्ट पान्याने पुन्हा एकदा तपासावा.