मुंगी घाटात तोलाचं गणित

चैत्र शुद्ध द्वादशीला सातारा जिल्ह्यातल्या शिखर शिंगणापूरला शंभू महादेवासाठी पाण्याच्या कावडी चढतात. सासवडहून कऱ्हेचं पाणी घेऊन येणारी तेल्या भुत्याची कावड त्यांत मानाची. शेवटचा टप्पा मुंगी घाटाचा, अंगावर येणाऱ्या चढाचा. बातम्यांत भक्तांचा जोश दिसतो, आणि तो खराच असतो. कावडीच्या बांधणीतल्या शहाणपणाकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष जात नाही.

एकट्याने न्यायची साधी कावड घेऊ. दोन मीटरची काठी, एका टोकाला 20 किलो, दुसऱ्याला 15. खांदा मधोमध दिला तर काठी जड बाजूला कलणार. तोच जड टोकापासून सुमारे 86 सेंटिमीटरवर दिला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. ओझं 35 किलोच राहतं, पण ते सावरण्यात हाताची ताकद वाया जात नाही. सांगलीच्या हळद बाजारात पाठीवर पोतं घेणारा हमाल पुढे वाकतो, कारण मागे गेलेला गुरुत्वमध्य त्याला पावलांच्या वर आणावा लागतो. कावडवाला ताठ चालू शकतो.

शिवाय कावडीतली भांडी खांद्याच्या खाली लोंबतात. त्यामुळे धक्का बसला तरी तोल सावरणं सोपं जातं.

कॅनडात एका नदीतून दुसरीत जाताना कनू नावाची हलकी होडी उलटी करून खांद्यावर घेतात, तिथे नेमकं याच्या उलट घडतं. होडीचा तळ डोक्याच्या वर येतो, म्हणजे वजनही खांद्याच्या वर, आणि तोल नाजूक. म्हणून तिच्या मध्यावरची आडवी फळी मानेच्या आकाराने कोरतात आणि गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे बसवतात. मग होडीचं मागचं टोक जरासं जड राहतं, पुढचं वर उचललं जातं आणि चालणाऱ्याला वाट दिसते. खांद्यावर गादी लावली की वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर पसरतं आणि रुतत नाही.

कावडीची काठी लवचीक असेल तर? संशोधक रॉजर क्रॅम यांनी 1991 साली लवचीक दांड्यांवर ओझं घेऊन धावणाऱ्यांची तपासणी केली. पाठपिशवीच्या तुलनेत ऊर्जा काही वाचली नाही, पण खांद्यावर बसणारे कमाल धक्के कमी झाले. दमणूक तीच, धक्के कमी! हा सौदा वाईट नाही.

घाटात मात्र चढण कुणालाच चुकत नाही. 40 किलो पाणी 100 मीटर वर न्यायला सुमारे 39 हजार ज्यूल लागतात. स्नायूंची कार्यक्षमता एक चतुर्थांश धरली तरी हा खर्च 40 किलोकॅलरींच्या आत, म्हणजे जेमतेम अर्ध्या पोळीचा. त्यात माणसाचं स्वतःचं वजन आणि जड कावडीचा सांगाडा मिळवला तरी खरी अडचण उरते ती पायाखालच्या दगडांची: तिथे दोन पावलांचा आधार अरुंद पडतो आणि मानाची उंच कावड, साध्या कावडीसारखी नसल्याने, जराशी कलली तरी माणसाला ओढून नेते. म्हणूनच मुंगी घाटात माणसांची साखळी लागते. अनेकांचे पाय मिळून पाया रुंद होतो आणि एक घसरला तरी बाकीचे कावड धरून ठेवतात.