सोमवारचा इशारा गुरुवारी का वाजला? नोटिफिकेशनच्या सेटिंगबद्दल थोडे



मागच्या हंगामात आपल्या एका तांडेलकाकांचा एक दिवस फुकट गेला, आणि चूक माझी होती. सोमवारी हवामान खात्याचा इशारा आला म्हणून मी संस्थेच्या वेबसाइटवरून नोटिफिकेशन सोडले, "आज समुद्रात जाऊ नये." काकांचा नेटपॅक रविवारीच संपला होता. गुरुवारी पहाटे त्यांनी रिचार्ज मारला आणि फोन वाजला. बर्फ भरलेला, डिझेल भरलेले, खलाशी जेटीवर हजर. काकांनी होडी सोडली नाही. दहा वाजता ऑफिसात येऊन म्हणाले, "सेक्रेटरीबाब, दर्या तर थंड आहे, मग इशारा कसला?" बघतो तर माझाच सोमवारचा निरोप.

असे कसे झाले ते सांगतो. आपल्या वेबसाइटवरून निघालेले नोटिफिकेशन थेट तुमच्या फोनात येत नाही. ते आधी ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, म्हणजे क्रोम असेल तर गुगलच्या. तुमचा फोन बंद असेल किंवा नेट नसेल तर ते तिथे थांबून राहते आणि नेट आले की लगेच येते. किती वेळ थांबायचे ते पाठवणाऱ्याने ठरवायचे असते. त्या सेटिंगला 'टाइम टू लिव्ह' म्हणतात आणि ते सेकंदात भरायचे असते. रकाना रिकामा सोडला तर निरोप कित्येक दिवस, अगदी चार आठवड्यांपर्यंतसुद्धा तिथे पडून राहू शकतो. मी रिकामा सोडला होता.

आता इशारा जेवढा वेळ लागू असेल तेवढेच सेकंद मी भरतो. सहा तासांचा असेल तर २१६००. तेवढ्यात पोचला तर पोचला, नाहीतर तिथेच रद्द. सभेच्या नोटिशीला मात्र तीन-चार दिवस ठेवतो, ती उशिरा आली तरी चालते. शिवाय निरोपात 'आज', 'उद्या' लिहिणे बंद केले आहे. तारीख आणि वेळ घालतो.

दुसरे सेटिंग 'अर्जन्सी', म्हणजे निकड. व्हेरी लो, लो, नॉर्मल आणि हाय अशा चार पायऱ्या आहेत. फोनची बॅटरी उतरलेली असेल तेव्हा फक्त हाय निकडीचे निरोप घ्यावेत, बाकीचे मागे ठेवावेत, अशी यामागची कल्पना आहे. म्हणून हवामानाचा इशारा हाय, बर्फाचा दर लो. सगळेच हाय करून टाका असे दोघा-तिघांनी सुचवले. मी केले नाही. बर्फाच्या दरासाठी रात्री अडीचला फोन वाजला तर लोक आपले नोटिफिकेशनच बंद करून टाकतील, आणि मग इशाराही गेला.

तिसऱ्या सेटिंगने मला चांगलेच फसवले. एकाच विषयाच्या निरोपांना एकच 'टॅग' दिला की नवा निरोप जुन्याच्या जागी बसतो, फोनवर ढीग होत नाही. सोयीचे आहे. पण जागा बदलताना आवाज होत नाही! इशारा वाढवल्याचा निरोप कित्येकांच्या फोनात गुपचूप येऊन बसला होता. त्यासाठी 'रीनोटिफाय' वेगळे चालू करावे लागते. ते आता चालू आहे.

हे झाले माझ्या बाजूचे. तुमच्या बाजूचे काम पाच मिनिटांचे आहे.

क्रोम उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स (फोन मराठीत असेल तर 'सूचना'). अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनात आधी क्रोमलाच परवानगी द्यावी लागते, तिथले मुख्य बटण चालू आहे ना बघा. खाली साइटची यादी दिसेल. अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक साइटचा आवाज वेगळा ठेवता येतो. संस्थेच्या साइटवर बोट ठेवा, आवाज चालू करा, आणि 'डू नॉट डिस्टर्ब' ओलांडण्याचा पर्याय असेल तर तोही. रात्री फोन गप्प ठेवून झोपणाऱ्यांनी हे नक्की करावे. काही फोन बॅटरी वाचवायला क्रोमला झोपवून ठेवतात, तेव्हा बॅटरीच्या सेटिंगमध्ये क्रोमवरचे बंधन काढा. महिन्यातून एकदोनदा आपली साइट उघडतही जा, कारण बरेच दिवस न उघडलेल्या साइटची परवानगी क्रोम आपणहून काढून घेऊ शकते.

आयफोनवाल्यांना आयओएस १६.४ किंवा पुढचे लागेल. साइट आधी होम स्क्रीनवर घ्या, मग त्या चिन्हातूनच उघडून परवानगी द्या.

"फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच दाबा" असे निरोप येतात म्हणून कित्येकांनी सगळीच नोटिफिकेशन बंद केली आहेत. फुकट सिनेमाच्या एखाद्या साइटवर कधीतरी 'अलाऊ' दाबले गेले, त्या साइटचा हा उद्योग. निरोप उघडू नका. त्यावर बोट दाबून धरा, साइटचे नाव दिसेल, तेवढी एकच बंद करा.

हे सगळे जेटीवर आणि घरी, निघण्याआधी कामाचे. दूर गेल्यावर रेंज जाते, तिथे नोटिफिकेशन येणार नाही. व्हीएचएफ सेट चालू आणि १६ नंबरवर ठेवायचाच.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता चाचणीचा निरोप सोडणार आहे, मुदत फक्त दहा मिनिटे. ज्यांचा फोन वाजला नाही त्यांनी सोमवारी फोन घेऊन ऑफिसात या. तांडेलकाकांचा फोन मी करून दिला आहे.