नेट गेलं की लिनक्सला दोष कशाला?

मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या कॉम्प्युटरला विंडोज झेपेनासं झालं, की कुणीतरी त्यावर उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट टाकून देतं. मशीन पुन्हा पळू लागतं, पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरले जातात. मग एक दिवस नेट जातं आणि सल्ला येतो, ‘लिनक्सवर नेट नीट चालतच नाही. फॉरमॅट मारा.’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. दिवसभर ज्या अँड्रॉइड फोनवर आपण नेट वापरतो, त्याचा गाभा लिनक्सच आहे. घरोघरचे बरेचसे राऊटरही लिनक्सवरच चालतात. फॉरमॅट मारून तुटलेली केबल जोडली जात नाही. कॉम्प्युटरमधली कागदपत्रं आणि फोटो मात्र जातात.

दुसरा गैरसमज असा, की वाय-फायची रेंज फुल्ल आहे म्हणजे नेट आहे. रेंज फक्त कॉम्प्युटर ते राऊटर एवढंच सांगते. पुढची लाइन बंद असली तरी ती फुल्लच दिसणार. फायबरचं कनेक्शन असेल तर आधी भिंतीवरच्या डब्याकडे बघा. ‘एलओएस’चा दिवा लाल असेल, तर बाहेरून प्रकाशच पोचत नाही. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली असेल किंवा जोड सुटला असेल. तिथे कॉम्प्युटरमध्ये काही करण्यासारखं नाही.

दिवे ठीक असतील तर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. इंग्रजीत ‘पिंग’ लिहा, जागा सोडून ८.८.८.८ टाका, एंटर दाबा. ही गूगलची २००९ पासूनची सार्वजनिक डीएनएस सेवा. उत्तरं येत राहिली तर लाइन चालू आहे. कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. आता आकड्यांऐवजी एखाद्या साइटचं नाव टाकून तेच करा. आकड्याला उत्तर येतं आणि नाव सापडत नाही, असं झालं तर बिघाड डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही४ खाली डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ आहे ते बंद करून ८.८.८.८ भरा, कनेक्शन बंद करून पुन्हा चालू करा. माझ्या मते ही एक परीक्षा ज्याला आली, त्याचे निम्मे हेलपाटे वाचतात.

नेट चालू, पण प्रत्येक साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणते? व्हायरस समजून घाबरू नका, आधी तारीख बघा. जुन्या मदरबोर्डवरचा बटण सेल संपला की लाइट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जाऊ शकतं आणि ब्राउझरला साइटची प्रमाणपत्रं अवैध वाटतात. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. बहुतेक मशीनमध्ये तो सीआर२०३२ असतो आणि स्वस्तात मिळतो.

वाय-फाय मुळीच दिसत नसेल तर ‘कार्ड जळालं’ हा निष्कर्षही घाईचा. लॅपटॉपवरचं विमानाचं बटण चुकून दाबलं गेलेलं असतं, किंवा कार्डाचं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, नसतं. ब्रॉडकॉमच्या कार्डांचा हा जुनाच त्रास. पण ते फर्मवेअर उतरवायला नेट आणायचं कुठून? अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग मिंटमधलं ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

आणि तक्रार नोंदवताना नुसतं ‘नेट बंद आहे’ म्हणू नका. कोणता दिवा लाल आहे आणि पिंगला उत्तर आलं की नाही, तेवढं नक्की सांगा.