चंडीगढची वास्तुकला व उद्याने

पंजाब व हरयाणा या दोन राज्यांची राजधानी आणि केंद्रशासित प्रदेश असलेल्या चंडीगढ शहरातील, विसाव्या शतकाच्या मध्यापासून उभारली गेलेली आधुनिक वास्तुसृष्टी व तिच्याबरोबरच नियोजित केलेली वृक्षराजी. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, सुखना चो व पटियाली की राव या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधल्या सपाटीवर हे नगर वसले आहे. उघड्या काँक्रीटच्या भव्य वास्तूंमुळे ते जगभर ज्ञात झाले. तथापि त्याच्या रचनेचा गाभा ऊन आणि सावली यांच्या विचारात आहे. राजधानी-संकुलातील खोल गवाक्षे, विटांच्या घरांवरील जाळ्या आणि रस्त्याकडेची झाडे यांमागे हा एकच विचार दिसतो.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले व भारतीय पंजाबला राजधानी उरली नाही. राज्यकारभार तात्पुरता सिमल्यातून चालू लागला. नव्या नगराची जागा १९४८ मध्ये निश्चित झाली. प्रशासक पी. एन. थापर व मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांच्याकडे प्रकल्पाची सूत्रे होती. पहिला आराखडा अल्बर्ट मायर या अमेरिकन नगररचनाकाराने केला. वळणदार रस्ते व पंख्यासारखा पसरत जाणारा आकार हे त्याचे विशेष होत. त्याचा सहकारी मॅथ्यू नोव्हिट्स्की ३१ ऑगस्ट १९५० रोजी इजिप्तमध्ये विमान अपघातात मरण पावला आणि हे काम खंडित झाले. मग थापर व वर्मा यूरोपात गेले आणि ल कॉर्ब्यूझ्ये (१८८७–१९६५) या जन्माने स्विस असलेल्या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाची निवड झाली. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊ प्येअर झानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे ब्रिटिश दांपत्य आले. फेब्रुवारी १९५१ मध्ये या मंडळींनी मायरचा आराखडा अल्पावधीत सुधारून घेतला. वळणे जवळजवळ सरळ झाली; परंतु स्वयंपूर्ण वसाहतखंडांची व सलग हरितपट्ट्यांची मूळ कल्पना कायम राहिली. चंडीगढच्या आराखड्याचे सारे श्रेय ल कॉर्ब्यूझ्येला देण्याची रूढी आहे, ती म्हणूनच मायरवर काहीसा अन्याय करणारी आहे.

नगररचना : नगराचा मूळ घटक सेक्टर हा होय. साधारण सेक्टर ८०० मी. रुंद व १,२०० मी. लांब असून त्यात शाळा, दुकाने, दवाखाना इ. दैनंदिन गरजेच्या सोयी असतात. सेक्टरभोवतीच्या वेगवान रस्त्यांवर घरांची दारे उघडत नाहीत. घरे आत तोंड करून उभी असतात. रस्त्यांची महामार्गापासून पायवाटेपर्यंत सात वर्गांत विभागणी केलेली असून सायकलींसाठी आठवा वर्ग पुढे जोडण्यात आला. प्रत्येक सेक्टरमधून बाजाररस्ता आडवा जातो, तर हरितपट्टा उभा जातो आणि पुढच्या सेक्टरच्या पट्ट्याला मिळतो. मुलाने शाळेपर्यंत झाडांखालून चालत जावे, ही त्यामागील अपेक्षा. पहिल्या टप्प्यात दीड लाख व अंतिमतः पाच लाख लोकवस्ती गृहीत धरली होती. पहिल्या टप्प्यातील सेक्टरांना १ ते ३० क्रमांक दिले गेले. त्यांत तेरावा क्रमांक गाळला होता. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगराचे उद्‌घाटन झाले.

राजधानी-संकुल : नगराच्या उत्तर टोकास, टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर, सेक्टर १ मध्ये हे संकुल आहे. संकुल व नगर यांच्यामध्ये खोदकामातील मातीचे कृत्रिम उंचवटे रचून ल कॉर्ब्यूझ्येने या दोहोंची नजरभेट जाणूनबुजून तोडली. उच्च न्यायालय, सचिवालय व विधानसभा या तीन वास्तू परस्परांपासून इतक्या दूर आहेत, की उन्हाळ्यात मधले प्रांगण ओलांडणे सुखाचे नसते. या अंतरांवर टीकाही पुष्कळ झाली आहे. परंतु दूरवरून एकमेकींकडे पाहणाऱ्या या वास्तूंचे शिल्पसौंदर्य त्या रित्या अवकाशामुळेच खुलते, हेही नाकारता येत नाही.

उच्च न्यायालयाची वास्तू (१९५५) या तिघींत आधी पुरी झाली. तिला दोन छपरे आहेत : खालचे दालनांचे आणि त्यावर कमानींच्या आधाराने छत्रीसारखे धरलेले दुसरे. दोहोंमधून वारा खेळतो. वरचे छत ऊन व पाऊस स्वतःवर झेलते. द्वारमंडपाचे तीन उत्तुंग स्तंभ आरंभी पांढरे होते. पुढे त्यांना हिरवा, पिवळा व लाल असे रंग देण्यात आले. दालनांतील प्रतिध्वनी शोषण्यासाठी ल कॉर्ब्यूझ्येने स्वतः आकृतिबंध काढलेले लोकरी भित्तिपट काश्मिरी विणकरांकडून विणवून घेतले. मुख्य न्यायाधीशांच्या दालनातील पट सर्वांत मोठा आहे. सचिवालयाची इमारत सु. २५४ मी. लांब व ४२ मी. उंच आहे. तिच्या दर्शनी भागात काँक्रीटच्या खोल चौकटींची जाळी असून तिच्यामुळे उन्हाळ्यातील उंच सूर्य अडतो व हिवाळ्यातील तिरपे ऊन आत येते. वरखाली ये-जा करण्यासाठी इमारतीच्या बाहेर उतरते मार्ग जोडलेले आहेत.

विधानसभेची वास्तू तिघींत अधिक धाडसी आहे. तिचे मुख्य सभागृह अपास्ताकृती कवचाच्या रूपात छपरातून वर आलेले असून ही कल्पना ल कॉर्ब्यूझ्येला अहमदाबादच्या साबरमती वीजकेंद्रातील शीतन-मनोऱ्यांवरून सुचली. म्हणजे पाणी निववण्यासाठी कारखान्यात वापरला जाणारा आकार येथे लोकप्रतिनिधींच्या डोक्यावर आला. विधान परिषदेच्या दालनावर पिरॅमिडसारखे छत आहे. १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरयाणा वेगळा झाल्यावर एकाच वास्तूत दोन राज्यांच्या विधानसभा भरू लागल्या. मुख्य सभागृह पंजाबकडे राहिले व परिषदेसाठी बांधलेल्या दालनात हरयाणाची विधानसभा बसते. समारंभासाठी असलेला मीनाकारीचा प्रचंड दरवाजा ल कॉर्ब्यूझ्येने स्वतः रंगविला. तो फ्रान्सची भेट होय.

या साऱ्या बांधकामाचे पृष्ठभाग गिलाव्याविना ठेवलेले आहेत. साच्याच्या फळ्यांचे व पत्र्यांचे ठसे आणि ओतकामाचे सांधे त्यांवर स्पष्ट दिसतात. यंत्रसामग्री तुटपुंजी असल्याने बरेचसे काँक्रीट बांबूच्या परातींवरून, मजूर स्त्रीपुरुषांच्या डोक्यावरील घमेल्यांतून वर गेले. यूरोपात शैली म्हणून मिरवला जाणारा ओबडधोबडपणा येथे परिस्थितीतूनही आलेला होता.

संकुलातील चौथी नियोजित वास्तू, म्हणजे राज्यपालांचा प्रासाद, बांधली गेलीच नाही. लोकशाहीत राज्यपालाच्या निवासाला असा मान शोभत नाही, असे जवाहरलाल नेहरूंचे मत पडले. त्या जागी सुचविलेले ज्ञान-संग्रहालयही कागदावरच राहिले. संकुलातील छायामनोरा ही वास्तू मात्र ल कॉर्ब्यूझ्येच्या मृत्यूनंतर उभी राहिली. तीन बाजूंना निरनिराळ्या कोनांतील काँक्रीटच्या पट्ट्या आणि उत्तरेस मोकळीक, एवढ्यावर आत ऊन शिरू द्यायचे नाही, हे त्याने येथे जणू प्रयोगाने सिद्ध करून ठेवले आहे. वाऱ्याबरोबर फिरणारे ‘मुक्त हस्त’ हे २६ मी. उंचीचे धातुशिल्पही असेच उशिरा, १९८५ मध्ये, पूर्ण झाले. देणारा आणि घेणारा असा उघडा पंजा हे त्याच्या मते या नगराचे चिन्ह होते. पंजाखाली लोकांनी जमून मोकळेपणी चर्चा करावी यासाठी जमिनीत खोलगट सभास्थान केलेले आहे.

विटांचे नगर : काँक्रीटच्या कीर्तीमुळे एक गोष्ट दुर्लक्षिली जाते. चंडीगढ हे मुख्यतः विटांचे शहर आहे. ल कॉर्ब्यूझ्ये वर्षातून दोनदा येऊन जाई. रोजचे काम झानरे, फ्राय व ड्रू यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण भारतीय वास्तुविशारदांनी केले. सरकारी नोकरांची घरे हुद्द्याप्रमाणे तेरा प्रकारांत विभागली होती. त्यांतील अगदी खालच्या श्रेणीच्या घरालाही पाणी, वीज, शौचकूप व स्वतःचे अंगण असावे, असा आग्रह होता. विटांच्या जाळ्या, आत ओढलेल्या खिडक्या, निजण्यासाठी गच्ची अशा साध्या उपायांनी ही घरे सुसह्य केली गेली. आधी वसलेल्या सेक्टर २२ मधील ओळीवजा घरांत या उपायांचे यश पाहावयास मिळते. मात्र हुद्द्यानुसार वस्त्यांची विभागणी दगडाविटांत कायम करणारी ही पद्धत समतेच्या घोषणेशी जुळत नव्हती.

भारतीय सहकाऱ्यांत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, यू. ई. चौधरी, जीत मल्होत्रा, बी. पी. माथुर यांच्याबरोबर जे. एस. देठे व ए. आर. प्रभावळकर ही मराठी आडनावेही आढळतात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले बाळकृष्ण दोशी यांनी ल कॉर्ब्यूझ्येच्या पॅरिस येथील कार्यालयात या प्रकल्पावर काम केले. झानरे १९६५ पर्यंत चंडीगढमध्येच राहिला. पंजाब विद्यापीठातील, पाण्यात उमललेल्या कमळासारखे दिसणारे गांधी भवन ही त्याची उल्लेखनीय कृती. त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा सुखना तलावात विसर्जित करण्यात आली.

सेक्टर १० मधील शासकीय संग्रहालय व कलावीथी (१९६८) ही ल कॉर्ब्यूझ्येच्या संग्रहालय-कल्पनेवर आधारलेली वास्तू वरून येणाऱ्या प्रकाशासाठी पाहण्याजोगी आहे. १९४८ मध्ये लाहोर संग्रहालयाच्या संग्रहाची दोन देशांत वाटणी झाली. तीत भारताच्या वाट्यास आलेली गांधार शिल्पे येथे आहेत. नगराच्या जन्माचे कारण त्याच्या संग्रहालयातही असे भेटते.

उद्याने व वृक्ष : मूळ जागा शेतीची व आंबराईंची होती. १९५२ मध्येच वृक्षरक्षणाचा आदेश निघाला. झाडांच्या निवडीत मोहिंदर सिंग रंधावा या वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या सनदी अधिकाऱ्याचा वाटा मोठा आहे. एका रस्त्यावर शक्यतो एकाच जातीची झाडे लावली, की तो रस्ता एकदम बहरतो, हे त्यांतील तत्त्व. बहावा, गुलमोहर, नीलमोहर, कांचन यांच्या रांगांमुळे येथील रस्ते ऋतूनुसार ओळखू येतात. एका ओढ्याच्या पात्रालगत नगराच्या मध्यातून उतरत जाणारी उद्यानांची माळ ‘विसाव्याची दरी’ म्हणून नियोजित केलेली आहे. तीतच झाकीर हुसेन गुलाब उद्यान (१९६७) असून त्यात गुलाबाचे शेकडो प्रकार आहेत. १९५८ मध्ये सुखना चोला बांध घालून केलेला तलाव शांत राहावा, बांधावर मोटारी येऊ नयेत, असा ल कॉर्ब्यूझ्येचा आग्रह होता. टेकड्यांवरून वाहून येणाऱ्या गाळाने तलावाचे पात्र उथळ झाले. त्यावर पाणलोट क्षेत्रात वनीकरण करून उपाय योजावे लागले. उद्यानांत व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत, हा त्याने घालून दिलेला आणखी एक दंडक.

या आराखड्यात नसलेली एक बाग मात्र आज लोकांच्या विशेष आवडीची आहे. नेकचंद सैनी हे फाळणीत निर्वासित होऊन आलेले सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ता-निरीक्षक. १९५७ च्या सुमारास त्यांनी राजधानी-संकुलाजवळच्या राखीव झाडीत, कोणासही न कळविता, टाकाऊ वस्तूंपासून आकृत्या घडविण्यास आरंभ केला. नगरासाठी अनेक खेडी उठविण्यात आली होती. त्यांच्या पडक्या घरांतील फुटकी भांडी, कौले व बांगड्या, त्याचप्रमाणे ओढ्यांतील गोटे हे त्यांचे साहित्य होते. ही निर्मिती १९७० नंतर अधिकाऱ्यांच्या नजरेस आली, तेव्हा ती कायद्याने बेकायदेशीर ठरत होती. तथापि ती न पाडता १९७६ मध्ये ‘रॉक गार्डन’ म्हणून जनतेस खुली केली गेली व नेकचंदांना ते काम पुढे चालविण्यासाठी नेमण्यात आले. विस्थापित खेड्यांची आठवण नगरात कोठे उरली असेल, तर ती या बागेत आणि बुडैल, अटावा यांसारख्या सेक्टरांच्या पोटात राहून गेलेल्या गावांत. नेकचंद १२ जून २०१५ रोजी निवर्तले.

जतनाचे प्रश्न : २०११ च्या जनगणनेत केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली, सीमेलगत मोहाली व पंचकुला ही शहरे वाढली. मुख्यमंत्री बेअंत सिंग यांची ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयाच्या दारात स्फोटाने हत्या झाल्यानंतर संकुलातील प्रांगण सुरक्षाव्यवस्थेने वेढले गेले. लोकांनी मुक्तपणे वावरावे म्हणून आखलेले पटांगण त्यामुळे परवानगीने पाहण्याची जागा बनले. जुलै २०१६ मध्ये यूनेस्कोने सात देशांतील ल कॉर्ब्यूझ्येच्या सतरा कृतींचा जागतिक वारसा-यादीत समावेश केला. त्यांत हे संकुल आहे. झानरे व त्याच्या सहकाऱ्यांनी कचेऱ्यांसाठी केलेल्या साग-वेताच्या खुर्च्या व मेजे मोडीत निघाली आणि परदेशी लिलावांत मोठ्या किंमतींना विकली जाऊ लागली. केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीस व निर्यातीस २०११ मध्ये प्रतिबंध केला. तोपर्यंत पुष्कळसे सामान बाहेर गेलेले होते.

घरांच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट आहे. एका कुटुंबासाठी आखलेल्या भूखंडांवर मजलावार सदनिका होऊ लागल्याने मूळची विरळ वस्ती, आणि तिच्याबरोबर झाडांची मोकळीक, धोक्यात आली. १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील सेक्टर १ ते ३० मध्ये अशा रूपांतरास मनाई केली. दाट वस्तीवाचून घरे महागच राहणार, हा आक्षेप त्या निर्णयाने मिटलेला नाही. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडील रस्ता व वाहनतळ यांसाठी रॉक गार्डनच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला, तेव्हा नागरिकांनी तेथे जमून निषेध नोंदविला.