पत्र्यावर नाव नसतं!

शुक्रवारची रात्र. हिंजवडीतून दोन तासांचं ट्रॅफिक कापून नुकता घरी टेकलो होतो. पिझ्झा ऑर्डर करावा की मॅगीवर भागवावं, या राष्ट्रीय प्रश्नावर विचार चालू असतानाच फोन वाजला. आई.

"आरं, मागच्या पडवीचं पत्रं उडालं. पार शेजारच्या रानात जाऊन पडल्यात. तू घाबरू नको, आम्ही ठीक आहोत."

आई ‘घाबरू नको’ म्हणाली की घाबरायचंच असतं. शनिवारी सकाळी सहाला बाइक काढली.

माझं गाव खोडद. नारायणगावहून दहा-बारा किलोमीटर आत. जगाच्या नकाशावर ते जीएमआरटीमुळे आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश, दूरच्या आकाशगंगांचे रेडिओ सिग्नल ऐकणाऱ्या. लहानपणापासून आमच्यासाठी तेच हवामान खातं. वारा वाढला की या डिश तोंड आकाशाकडे करून थांबवतात, म्हणजे वाऱ्याचा मार कमी बसतो. डिश वर बघायला लागल्या की आई वाळवणं गोळा करायची. मे २०२५ मधल्या त्या अवकाळीत तेवढी सवड मिळाली नाही.

घरी पोचलो तर पडवीचे सहा पत्रे गायब, दोन गाद्या भिजून लोळागोळा, प्लायवूडचं कपाट फुगलेलं आणि रात्री लाइट आली तेव्हा टीव्ही ‘फट्’ करून गेलेला. पण आप्पा पडवीत नव्हतेच. ते कांदा चाळीपाशी उभे होते. चाळीचंही अर्धं छप्पर उडालं होतं आणि खाली उन्हाळी कांदा भिजला होता. खरं नुकसान तिथे होतं.

आणि मला आठवलं, आपल्याकडे होम इन्शुरन्स आहे!

त्याची गोष्ट अशी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ कोकणात धडकून थेट आमच्या जुन्नर-आंबेगावपर्यंत आलं. तेव्हाही आमचे पत्रे उडाले होते. पंचनामा झाला, मदत आली तेवढी आली, बाकी पैसे मी क्रेडिट कार्डावर घातले आणि पुढचं वर्षभर फेडत बसलो. मग १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. प्रमाणित म्हणजे कंपनी कोणतीही असो, मूळ अटी सारख्याच. लंच ब्रेकमध्ये ऑनलाइन फॉर्म भरला, पीडीएफ मेलबॉक्समध्ये टाकली आणि विसरलो. मोबाइलचे रिव्ह्यू तीन-तीन दिवस वाचणारा मी, घराची पॉलिसी मात्र त्या दिवशी ओसरीवर बसून पहिल्यांदा वाचली.

पहिला प्रश्न: क्लेम करायचा की नाही? आप्पांचं मत ठाम होतं. "मागच्या दारानं कुणाकडं पैसे मागायची सवय नाय आपल्याला." त्यांना समजावलं की ही मदत नव्हे, आपण हप्ता भरलाय. वीमा म्हणजे भीक नाही, करार आहे. तरी ते गप्पच.

मग मी कागदावर हिशोब मांडला. पत्रे, हुक आणि मजुरी ३८ हजार. गाद्या ९ हजार, कपाट १२ हजार. एकूण ५९ हजार. माझ्या पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये ‘एक्सेस’ ५ हजार लिहिला होता, म्हणजे प्रत्येक क्लेममधले पहिले ५ हजार आपल्या खिशातून. नुकसान सात-आठ हजारांचं असतं तर मीही म्हटलं असतं, सोडा, एका वीकएंडचा खर्च. पण ५९ हजार सोडायला मी काही सीईओ नाही.

वादळ हे पॉलिसीत नावानिशी होतं, पूर, भूकंप, आग यांच्या रांगेत. पत्र्याचं छप्पर म्हणजे ‘कच्चं घर’ ही माझी भीतीही खोटी निघाली. कच्चं म्हणजे गवत, बांबू, ताडपत्री, प्लास्टिक असलं बांधकाम. टीव्हीने मात्र दगा दिला. दाब वाढून किंवा शॉर्टसर्किट होऊन जे उपकरण जळतं, तेवढं उपकरण वगळलेलं असतं, अगदी वीज पडून झालं तरी. त्यातून आग लागून बाकीचं घर जळलं तर ते धरतात, पण तो टीव्ही नाही.

आणि कांदा चाळ? पॉलिसी घराची. विक्रीचा कांदा आणि त्याची चाळ हा धंदा. तोही गेला.

तेवढ्यात शेजारचे तात्या आले. चहा घेता घेता त्यांनी माझ्या हिशोबाच्या कागदावर नजर टाकली. "आरं, एवढंच? चाळीचं पत्रं पण यातच धर की. सगळं एकाच रानात जाऊन पडलंय. पत्र्यावर काय नाव लिव्हलंय का?"

खरं सांगतो, मी अर्धा मिनिट गप्प बसलो. चाळीचे पत्रे म्हणजे आणखी ४५ हजार. कांद्याचा खड्डा निम्मा भरला असता. कंपनीला काय फरक पडणार? ऑफिसात टॅक्सीची बिलं गोल करणारे आम्ही लोक. मी पेन उचललंसुद्धा.

"तात्या," आप्पा म्हणाले, "पत्र्यावर नाव नसतं. पण कागदावर सही माझ्या पोराची हाय."

विषय संपला. घर आप्पांचं, पण क्लेम फॉर्मवर नाव आणि सही माझी होती. खोटा क्लेम सापडला तर फक्त चाळीचे नव्हे, पडवीचेही पैसे जातात, हे मी नंतर पॉलिसीत वाचलं. आप्पांनी ते न वाचताच सांगितलं होतं.

त्याच दुपारी कंपनीला कळवलं. पत्रे उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढले, मग ताडपत्री टाकली. आणखी नुकसान होऊ न देणं हीही आपलीच जबाबदारी असते. भाऊसाहेब पंचनाम्याला आले, त्याची प्रत मागून घेतली. सुताराकडून आणि पत्रेवाल्याकडून लेखी एस्टिमेट घेतलं.

सर्व्हेअर आले तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. आईने नंतर फोनवर सांगितलं. आप्पा स्वतः त्यांना पडवीत घेऊन गेले, गंजलेले जुने हुकसुद्धा दाखवले आणि चाळीपाशी थांबून म्हणाले, "ही धरू नका, ही धंद्याची." मी कपाळावर हात मारला. हुक कशाला दाखवले!

झीज वीम्यात बसत नाही, त्यामुळे हुक आणि जुन्या लाकडापोटी साडेसहा हजार कापले गेले. एक्सेसचे ५ हजार वेगळे. खात्यात ४७,५०० रुपये जमा झाले. भिजलेला कांदा मिळेल त्या भावात गेला आणि चाळीचे पत्रे आम्ही दिवाळीपर्यंत थोडे थोडे करून घातले. पण या वेळी क्रेडिट कार्ड बाहेर निघालं नाही.

पैसे जमा झाल्याचा मेसेज आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. "म्हणजे खरं सांगून पण देत्यात तर," एवढंच म्हणाले. आणि मग हळूच, "पुढचा हप्ता कधी हाय रं?"

क्लेम करण्याआधी पाच मिनिटं

• कारण बघा: नुकसान कशाने झालं ते पॉलिसीच्या यादीत आहे का? वादळ, पूर, आग, फुटलेली पाइप चालते. वर्षानुवर्षांची ओल आणि गंज नाही.
• वजाबाकी करा: एक्सेस आणि झीज वजा जाता हातात काय उरतं? किरकोळ रक्कम उरत असेल तर वेळ वाचवा.
• लगेच कळवा: आधी फोन आणि फोटो, मग आवराआवर. मोडलेल्या वस्तू सर्व्हे होईपर्यंत टाकू नका.
• रक्कम तपासा: घराचा वीमा बांधकामाच्या खर्चावर काढतात, जागेच्या भावावर नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत संरक्षण आपोआप मिळतं. सामान जास्त असेल तर यादी द्या.
• नकार आला तर: आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तिथे समाधान झालं नाही तर वीमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे आणि फी लागत नाही.