रंगाआधी स्वभाव

घरातलं मत्स्यालय : लेखांक ५

टाकी बसवली, वाळू धुऊन घातली, फिल्टर सुरू केला आणि पाण्यात उपयुक्त जिवाणूंची वस्ती होईपर्यंत चार ते सहा आठवडे कळ काढली. गेल्या आठवड्यात आपण इथवर आलो होतो. आता मासे आणायचे. नव्या मत्स्यालयाचं बरंवाईट बहुतेक याच टप्प्यावर ठरतं, म्हणून आजचा लेखांक फक्त निवडीला दिला आहे.

दुकानात भिंतभर टाक्या असतात. निळ्या पट्ट्याचा निऑन, पिवळी मोली, काळ्या पट्ट्यांचा टायगर बार्ब, लांब पंखांचा एंजल, गुबगुबीत गोल्डफिश. काय घेऊ नि काय नको असं होतं. मग नवखा माणूस म्हणतो, ‘सगळ्यांची एकेक जोडी द्या.’ दुकानदार जाळी घालतो, पिशव्या भरतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत टायगर बार्ब एंजलचे पंख कुरतडतात, वाढलेला एंजल निऑन गिळतो, गोल्डफिशच्या विष्ठेनं पाणी बिघडतं आणि उरलेले मासे झाडामागे दडून बसतात. ‘आमच्याकडे मासे जगतच नाहीत’ म्हणून टाकी माळ्यावर जाते. इथे हाताच्या गुणाचा प्रश्नच नसतो. एकमेकांशी न पटणारे जीव चार काचांत कोंडलेले असतात आणि त्यांना पळायला जागा नसते.

तेव्हा रंग सगळ्यात शेवटी पाहा. आधी आपल्या घरचं पाणी, मग मासा वाढून केवढा होणार हे, आणि मग त्याला लागणारी सोबत. या तीन गोष्टी जमल्या की रंग आपोआप येतो. घाबरलेल्या माशाच्या त्वचेतल्या रंगपेशींमधले कण आक्रसून एका जागी गोळा होतात आणि मासा फिका पडतो. तोच मासा निवांत झाला की रंगानं भरून येतो. निऑन टेट्रा रात्री पाहिलात तर त्याचा झगमगता पट्टा मंदावलेला, जांभळट दिसेल. सकाळी दिवा लागल्यावर थोड्या वेळात पट्टा पुन्हा निळा-हिरवा चमकू लागतो. माशाचा रंग असा घटकेघटकेला बदलतो.

पाणी कोणतं आहे?

सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी सहसा मृदू असतं. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच भागांत नळाला येतं ते हेच. बोअरवेलचं पाणी बहुतेक ठिकाणी कठीण असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. ओळख सोपी आहे. बादलीला, नळाच्या तोंडाला पांढरे थर धरत असतील आणि साबणाला फेस येत नसेल, तर पाणी कठीण. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येत असतील तर हेच पाणी दोन महिने बदलतं, हेही ध्यानात ठेवा.

गप्पी, प्लॅटी, मोली आणि स्वोर्डटेल ही पिल्लं घालणारी मंडळी कठीण पाण्यात सुखी असतात. मृदू पाण्यात त्यांची तब्येत हळूहळू उतरते. निऑन आणि कार्डिनल टेट्रा हे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. त्यांना मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी मानवतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर निऑनचा हट्ट सोडा आणि गप्पी-प्लॅटीची टाकी करा. पाणी बदलण्यासाठी रसायनं ओतत बसण्यापेक्षा पाण्याला शोभेल तो मासा आणणं केव्हाही शहाणपणाचं. काही जण स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी थेट टाकीत भरतात. ते करू नका. त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात आणि नुसत्या त्या पाण्यात मासे तग धरत नाहीत.

वाढून केवढा होणार?

दुकानातला मासा म्हणजे बहुधा पिल्लू असतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावतं. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास उरतं. हिशेब याच आकड्याचा धरायचा.

‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी, चपळ मासा पुष्कळदा पंगस असतो. हॉटेलात ‘बासा’ म्हणून ताटात येतो तोच हा मासा. वाढला तर एक मीटरच्याही पुढे जातो. काच चाटणारा ‘सकर’ किंवा ‘क्लीनर फिश’ दुकानात बोटाएवढा असतो, पण पूर्ण वाढ झाली की दीड फुटापर्यंत पोचतो. तो टाकी साफ करतो हाही गैरसमज आहे. थोडं शेवाळ खातो आणि त्याहून जास्त घाण करतो. गोल्डफिशला थंड पाणी आणि ऐसपैस जागा लागते. उष्ण कटिबंधातल्या छोट्या माशांबरोबर त्याला ठेवू नये.

मोह पडावा असा आणखी एक मासा म्हणजे डेनिसन बार्ब, ‘मिस केरळ’. चंदेरी अंगावर काळा पट्टा आणि त्यावर लाल रेघ. केरळ आणि लगतच्या कर्नाटकातल्या मोजक्या नद्यांमध्ये तो नैसर्गिकरीत्या आढळतो. २०१३ मध्ये त्याच्यासाठी ‘सह्याद्रिया’ हा नवा वंश मांडला गेला. नाव अर्थातच सह्याद्रीवरून. शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे तो आज संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. शिवाय तो वीतभर वाढतो आणि त्याला थवा लागतो. दोन फुटी टाकीत तो आणू नये.

एकटा नको, जोडीही नको

टेट्रा, बार्ब, डॅनिओ, कोरीडोरस हे थव्यानं राहणारे मासे आहेत. सहाच्या खाली ते घेऊ नयेत. आठ-दहा घेतले तर फारच उत्तम. नदीत थवा हेच त्यांचं संरक्षण असतं. आपल्या जातीचे मासे भोवती दिसले नाहीत की त्यांना सतत धोका वाटतो. मग काही लपतात, काही खाणं सोडतात आणि काही दुसऱ्यांवर राग काढतात. टायगर बार्ब दोन-तीनच असले तर टाकीतल्या प्रत्येकाच्या पंखामागे लागतात. मोठ्या थव्यात त्यांची बरीचशी भांडणं आपापसांत मिटतात. तरीही पहिल्या टाकीत त्यांना घेऊ नका. सर्पे आणि विडो टेट्रालाही पंख कुरतडण्याची खोड असते.

गप्पींचं गणित वेगळं आहे. नर रंगीत आणि मोठ्या शेपटीचे, माद्या फिक्या आणि अंगानं मोठ्या. एक नर-एक मादी अशी जोडी आणली तर नर दिवसभर तिच्या मागे असतो आणि मादी थकून जाते. म्हणून एका नरामागे किमान दोन-तीन माद्या ठेवतात. पण मादी साधारण महिन्याला पिल्लं घालते आणि एकदा मिळालेलं वीर्य शरीरात साठवून पुढे कित्येक महिने नराशिवायही पिल्लं देते. वर्षभरात टाकी ओसंडून वाहते. रंग हवे आहेत आणि पिल्लांचा पसारा नको आहे, त्यांनी फक्त नर गप्पी आणावेत. सात-आठ नर एकत्र असले की एकाच्याच मागे लागणं कमी होतं आणि टाकी रंगांनी भरते.

एक इशारा. डासांच्या अळ्या खाण्यासाठी महापालिका जे गप्पी वाटतात ते काटक असतात. दुकानातले झुपकेदार शेपटीचे गप्पी पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यात पैदास झालेले, म्हणून नाजूक असतात. ‘गप्पी कुठेही जगतो’ या भरवशावर त्यांना, जिवाणूंची वस्ती अजून न झालेल्या कच्च्या पाण्यात सोडू नका.

फायटर नर एकटाच शोभतो. दुसरा फायटर तर नकोच, पण लांब शेपटीचा गप्पी दिसला तरी तो प्रतिस्पर्धी समजून हल्ला करू शकतो. एंजल लहानपणी गरीब दिसतो. पण जातीनं सिक्लिड, आणि तोंडात मावेल ते खाणारा. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना यांचा सामायिक टाकीशी काही संबंध नाही.

बनावट रंग

काचमासा हा आपल्याकडच्या गोड्या पाण्यात सापडणारा छोटा मासा. अंगातून आरपार दिसतं, काटेसुद्धा मोजता येतात. हाच मासा बाजारात गुलाबी, पोपटी, निळ्या पट्ट्यांचा दिसला, तर तो रंग सुईनं टोचून घातलेला असतो. काही फिके टेट्रा आणि पॅरट मासेही असेच रंगवतात. या प्रकारात पुष्कळ मासे दगावतात, वाचतात त्यांना सहज रोग होतो आणि काही महिन्यांत तो रंग उडूनही जातो. असे मासे विकत घेऊ नका आणि का घेत नाही ते दुकानदाराला सांगा. गिऱ्हाईक थांबलं तरच हे थांबेल.

तीन मांडण्या

दोन फुटी टाकीसाठी या तीन जोडण्या मला सर्वांत भरवशाच्या वाटतात.

नळाचं मृदू पाणी असेल तर आठ निऑन, सहा कोरीडोरस आणि हनी गोरामीची एक जोडी. निऑन मधल्या थरात, कोरीडोरस तळाशी, गोरामी वरच्या बाजूला. तिघांच्या वाटेत कोणी येत नाही. कोरीडोरसच्या ओठांजवळच्या मिशा नाजूक असतात, म्हणून तळाला टोकदार खडी न घालता बारीक वाळू घाला. त्यांना तळाशी बसणारं वेगळं खाद्य द्या. वरून खाली पडलेल्या उष्ट्यावर ते जगत नाहीत. मधूनच एखादा कोरीडोरस सुर्रकन वर येऊन हवेचा घोट घेतो. घाबरू नका, तो आतड्यावाटेही श्वास घेऊ शकतो.

बोअरचं कठीण पाणी असेल तर वेगवेगळ्या रंगांचे आठ नर गप्पी आणि चार प्लॅटी, त्यांत एक नर व तीन माद्या. प्लॅटींची पिल्लं होतील. दाट झाडं असतील तर थोडी वाचतील, तेव्हा ती कोणाला द्यायची हे आधीच ठरवून ठेवा.

तिसरी मांडणी आपल्या उपखंडातली : आठ झेब्रा डॅनिओ आणि सहा चेरी बार्ब. झेब्रा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ च्या गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. वरच्या हनी गोरामीचं आणि काचमाशाचंही त्याच ग्रंथात आहे. हाच झेब्रा आज जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी वापरला जातो. चेरी बार्ब श्रीलंकेतला. नर रंगात आला की अंगभर लालबुंद होतो. झेब्रा चपळ आणि काटक, चेरी बार्ब शांत. पाणी फार मृदू किंवा फार कठीण नसेल तर दोघंही रमतात.

नाशिक-पुण्याची थंडी किंवा विदर्भातला डिसेंबर लक्षात घेता हीटर लावून पाणी २४ ते २६ अंशांवर ठेवा. झेब्रा थोडी थंडी सोसतो, निऑन आणि गप्पींना तापमानातले चढउतार बाधतात.

दुकानात आणि घरी

खरेदीला घाई करू नका. ज्या टाकीतून मासे घ्यायचे तिच्यासमोर दहा मिनिटं उभं राहा. पंख मिटलेले, पोट खपाटीला गेलेलं, श्वास धापा टाकल्यासारखा, किंवा अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील, तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नका. एक आजारी असला तरी पाणी सगळ्यांचं एकच असतं. दुकानदाराला खाद्य टाकायला सांगा. निरोगी मासा लगेच झेपावतो. मासे दुकानात कधी आले तेही विचारा. कालच लांबचा प्रवास करून आलेले मासे आठवडाभर तिथेच राहू द्या.

सगळे मासे एकाच दिवशी आणू नका. आधी एका जातीचा थवा आणा, दोन आठवडे पाण्याची तपासणी करत राहा आणि अमोनिया व नायट्राइट शून्य असेल तरच दुसरा थवा. कठीण, अल्कधर्मी पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो, म्हणून बोअरच्या पाण्यावाल्यांनी विशेष सांभाळावं.

घरी आल्यावर टाकीचा दिवा बंद करा. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं थोडं पाणी तिच्यात घाला. अर्ध्या तासानं मासे जाळीनं अलगद उचलून टाकीत सोडा आणि दुकानाचं पाणी मोरीत ओता. पहिल्या दिवशी खाद्य नको.

आणि शेवटी कळकळीची विनंती. मासा मोठा झाला, नकोसा झाला, तरी तो विहिरीत, तळ्यात किंवा नदीत कधीही सोडू नका. घराघरांतून असे ‘सोडलेले’ सकर आज देशातल्या अनेक जलाशयांत माजले आहेत. उजनीतही ते मच्छीमारांच्या जाळ्यात येतात. त्यांच्या हाडासारख्या कडक कवचानं आणि काट्यांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. नको असलेला मासा दुकानात परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्या. त्याहून उत्तम म्हणजे जो शेवटपर्यंत सांभाळता येईल तोच मासा घरी आणा.

पुढच्या आठवड्यात : माशांचं खाणं, किती, केव्हा आणि कोणतं.